गावाच्या पैशात मुलांचा न्याय्य वाटा : ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात तो कसा धरावा आणि मुलांपर्यंत कसा न्यावा

ग्रामसभेच्या गणपूर्तीत मुले धरली जात नाहीत. ग्रामसभा म्हणजे मतदार यादीत नाव असलेल्या गावकऱ्यांची सभा, आणि तिला लागणारी गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. ज्या पैशावर अंगणवाडीचे छप्पर, शाळेच्या शौचालयाचे पाणी आणि अभ्यासिकेचा दिवा अवलंबून असतो, त्या पैशाचा निर्णय होताना अठरा वर्षांखालील एकालाही हात वर करता येत नाही. त्यांच्या बाजूने कोणा मोठ्या माणसाने कागद हातात घेऊन उभे राहावे लागते. हा लेख अशा माणसासाठी आहे; मग तो सरपंच असो, सदस्य असो, शाळा व्यवस्थापन समितीतील पालक असो, अंगणवाडी सेविका असो किंवा नुकतेच मतदार यादीत नाव आलेला तरुण असो.

बालहक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने 11 डिसेंबर 1992 रोजी मान्यता दिली. उपलब्ध साधनसामग्रीतून शक्य तेवढा जास्तीत जास्त वाटा मुलांच्या हक्कांसाठी द्यावा, असे त्या कराराचे कलम 4 सांगते. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने 2016 मध्ये सार्वजनिक अंदाजपत्रकांसाठी जी तत्त्वे सांगितली, त्यांत परिणामकारकता, कार्यक्षमता, पारदर्शकता आणि सातत्य यांच्या बरोबरीने समन्याय आहे. केंद्र सरकार 2008-09 पासून आपल्या अर्थसंकल्पासोबत मुलांसाठीच्या तरतुदींचे वेगळे विवरणपत्र मांडते. गावपातळीवर मात्र असे विवरणपत्र कोणीतरी बसून तयार केल्याशिवाय तयार होत नाही, आणि माझ्या अनुभवात बहुतेक गावांत ते तयार होत नाही.

पैसा कुठून येतो, हे आधी समजून घ्यावे

मुलांसाठीचा निधी म्हटला की गावात एकच आकडा सांगितला जातो, तो म्हणजे दहा टक्के. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नाच्या 10 टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर, 15 टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणावर आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी, गाळाभाडे आणि तत्सम जमा. येथे दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात. पहिली, हे दहा टक्के महिला आणि बालके या दोघांचे मिळून आहेत. शिवणयंत्रांच्या खरेदीत संपूर्ण रक्कम गेली तरी कागदोपत्री शीर्ष, म्हणजे खर्चाचा तो मथळा, पूर्ण होते आणि मुलांच्या वाट्याला काहीच येत नाही. म्हणून अंदाजपत्रकातच या शीर्षाचे महिला, सहा वर्षांपर्यंतची बालके, शालेय वयाची मुले आणि किशोरवयीन असे पोटविभाग पाडून घ्यावेत. दुसरी, स्वउत्पन्नच कमी असेल तर त्याचे दहा टक्केही कमीच असतात. औद्योगिक वसाहतीलगतच्या गावाचे दहा टक्के आणि डोंगरातल्या शंभर उंबऱ्यांच्या गावाचे दहा टक्के यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणजे ज्या गावातील मुलांना गरज अधिक, त्याच गावाच्या हाती पैसा कमी. अशा गावांनी दहा टक्क्यांवर विसंबून न राहता जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीकडे आणि जिल्हा वार्षिक योजनेकडे वेगळे प्रस्ताव पाठवले पाहिजेत.

खरा मोठा पैसा वित्त आयोगाच्या अनुदानाचा असतो. 15व्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळात या अनुदानाचा 60 टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेला, म्हणजे बंधित होता, आणि 40 टक्के अबंधित होता. अबंधित रकमेतूनही पगार व आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. 16व्या आयोगाचा कालावधी 2026-31 असल्यामुळे चालू अटी ताज्या शासन निर्णयात वाचूनच आराखडा करावा. बंधित निधीचे एक साधे सूत्र मी प्रत्येक गावात सांगतो : शाळा आणि अंगणवाडी येथील नळजोडणी, पाण्याची टाकी, हात धुण्याची जागा, मुलींच्या शौचालयाची दुरुस्ती ही पाणी व स्वच्छतेची कामे आहेत, ती बंधित निधीतून प्रस्तावित करावीत आणि महिला व बालकल्याणाची तुटपुंजी रक्कम त्यांवर खर्च करू नये. पेसा क्षेत्रातील, म्हणजे पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातील, गावांना आदिवासी उपयोजनेतून मिळणारा 5 टक्के अबंध निधी हा आणखी एक झरा आहे, आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा छोटा निधी हा दुसरा.

या सर्व जमांची एका पानावर यादी करावी. प्रत्येक ओळीपुढे रक्कम, अट आणि ती खर्च करण्याचा अधिकार कोणाचा, एवढेच लिहावे. ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक नमुना 1 मध्ये आणि जमाखर्चाचे विवरण नमुना 3 मध्ये असते. या दोन कागदांच्या प्रती घेतल्याशिवाय चर्चेला बसू नये. प्रत मिळण्यात अडचण आली तर माहितीच्या अधिकाराचा, 10 रुपये शुल्काचा अर्ज करावा, त्याला 30 दिवसांची मुदत असते. मात्र ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी आधी बोलून पाहावे. अर्जाने कागद मिळतो, पण पुढे वर्षभर त्यांच्याबरोबरच काम करायचे असते.

गावातल्या प्रत्येक मुलाची यादी करावी

मुलांची संख्या अंगणवाडीच्या आणि शाळेच्या नोंदवहीतून घेतली की काम झाले, असे समजले जाते. पण जे मूल अंगणवाडीत आणि शाळेत पोहोचलेच नाही, ते या दोन्ही वह्यांत नसते, आणि न्याय्य वाटपाचा प्रश्न नेमका त्याच मुलाचा असतो. म्हणून अंगणवाडी सेविका, आशाताई, एक शिक्षक आणि दोन-तीन तरुण यांनी मिळून घरोघर फिरावे. गाव आणि वाड्यांच्या सीमेबाहेरची घरे आधी घ्यावीत : वीटभट्टीवरची खोपटी, शेतातली सालगड्याची खोली, तांडा, पालावरची वस्ती.

यादीत रकाने मोजके असावेत. वय, मुलगा की मुलगी, अंगणवाडी किंवा शाळा किती अंतरावर, सध्या जाते की नाही, जात नसल्यास कारण, दिव्यांगत्व असल्यास प्रमाणपत्र आहे की नाही, आणि वर्षातले किती महिने कुटुंब गावाबाहेर असते. शेवटचा रकाना लोक गाळतात. एका तांड्यावर आम्ही जानेवारीत गेलो तेव्हा ओळीने अकरा दारांना कुलूप होते; बाराव्या घरी एक आजी दोन नातवंडांना घेऊन बसली होती आणि शेजारच्या घरांतली आणखी तीन मुले तिच्याच चुलीवर जेवत होती. शाळेच्या पटावर ती तिन्ही मुले होती. त्यांचे आईवडील ऊसतोडीला गेलेले होते. त्यांतली सहावीतली मुलगी मात्र पाण्याच्या हंड्यामागे अडकल्याने डिसेंबरपासून शाळेत गेलेली नव्हती, आणि ही गोष्ट पटावरून दिसत नव्हती.

मुलांची नावे असलेली ही यादी जाहीर करू नये. ग्रामसभेत फक्त वस्तीनिहाय आणि वयोगटनिहाय आकडे मांडावेत. अत्याचार, बालविवाहाचा धोका किंवा आजारपण यांसारखी माहिती पुढे आली, तर ती गाव बाल संरक्षण समितीकडे स्वतंत्रपणे द्यावी.

मागच्या तीन वर्षांचा खर्च वस्तीनिहाय मांडावा

हे काम एका दुपारचे आहे. नमुना 3 आणि प्रमाणके, म्हणजे खर्चाच्या पावत्या, समोर घेऊन मुलांशी संबंधित प्रत्येक खर्चापुढे तो कोणत्या वस्तीत झाला ते लिहावे. बहुतेक ठिकाणी गावठाणातील शाळा आणि ग्रामपंचायतीसमोरची अंगणवाडी यांच्यापुढे ओळी भरतात, आणि एखाद्या वाडीपुढे तीन वर्षांत एकही ओळ येत नाही. खर्चाची तारीखही लिहावी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यातील खरेदी वेगळी काढावी, कारण निधी परत जाऊ नये म्हणून घाईने घेतलेल्या वस्तू ज्याची गरज होती त्याच्यापेक्षा ज्याचा पुरवठादार हाताशी होता त्याच्या असतात. एका गावात अशा घाईत खेळणी आली. ती अंगणवाडीच्या कपाटात दोन वर्षे प्लॅस्टिकच्या वेष्टनात होती आणि त्याच खोलीतील वजनकाटा बिघडलेला होता.

मुलांचे आणि तरुणांचे म्हणणे ऐकण्याची रीत

बालसभा भरवली जाते, पण ती अनेकदा भाषणे आणि बक्षिसांवर संपते. मुलांकडून उपयोगी माहिती हवी असेल तर त्यांना गावाचा नकाशा काढायला सांगावा. जिथे जायला आवडते ती जागा हिरवी, जिथे भीती वाटते ती लाल, एवढीच सूचना पुरेशी असते. लाल खुणा अंदाजपत्रकासाठी सोन्यासारख्या असतात : शाळेच्या वाटेवरचा उघडा नाला, दिवा नसलेले वळण, दारूच्या दुकानासमोरून जाणारी पाऊलवाट. मुलगे आणि मुली यांचे गट वेगळे करावेत, नाहीतर मुलींच्या खुणा नकाशावर उमटत नाहीत.

पंधरा ते अठरा या वयाकडे विशेष लक्ष द्यावे लागते. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंत पाहते, शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचे पाहतो, आणि त्यापुढची मुले कोणाच्याच वहीत नसतात. गावात युवकांसाठी म्हणून व्यायामशाळेचे साहित्य येते आणि ते जवळपास पूर्णपणे मुलग्यांच्या वापरात राहते. अभ्यासिका उघडली तरी ती रात्री नऊपर्यंत चालते आणि वाटेवर अंधार असतो, म्हणून मुली तिथे फिरकत नाहीत. खर्च दोघांसाठी झाला असे कागद म्हणतो. म्हणून युवकांची गरज विचारताना वस्तू विचारू नये, वेळ आणि वाट विचारावी. अभ्यासिकेची एक पाळी दुपारी तीन ते सहा ठेवण्याला पैसे लागत नाहीत, आणि चार दिव्यांना लागणारे पैसे नव्या खोलीच्या मानाने किरकोळ असतात.

वाटप कसे करावे

येथे सर्वांत जास्त वाद होतो, म्हणून हिशेब करूनच दाखवतो. आकडे कल्पित आहेत. एका ग्रामपंचायतीत बालकांच्या पोटविभागात 80,000 रुपये आहेत. गावठाणात 180, एका वाडीत 60 आणि तांड्यावर 40 मुले आहेत. डोईप्रमाणे सारखे वाटले तर प्रत्येक मुलामागे सुमारे 286 रुपये येतात. गावठाणाला सुमारे 51,430, वाडीला 17,140 आणि तांड्याला 11,430. हे सारखे आहे, पण न्याय्य नाही, कारण गावठाणातील मुलाला शाळा, दवाखाना आणि नळ आधीच दारात आहेत.

आता भारांक लावावा. गावठाणातील मुलाला 1, दीड किलोमीटर चालत येणाऱ्या वाडीतील मुलाला 1.5 आणि अंगणवाडीही नसलेल्या, चार-पाच महिने स्थलांतर करणाऱ्या तांड्यावरील मुलाला 2. गुणाकार केल्यावर 180, 90 आणि 80 अशी बेरीज 350 होते. एका भारामागे सुमारे 229 रुपये. गावठाणाला सुमारे 41,140, वाडीला 20,570 आणि तांड्याला 18,290 रुपये मिळतात. गावठाणाचा वाटा तरीही सर्वांत मोठाच राहतो, हे सभेत आवर्जून सांगावे. आपल्या मुलांचे काढून घेतले जात आहे ही भावना विरोधाचे मूळ असते, आणि आकडे समोर मांडले की ती बरीच ओसरते.

भारांक कोणते, हे गावाने ठरवायचे आहे. अंतर, सेवा नसणे, स्थलांतर, दिव्यांगत्व आणि जातीय वा भटकेपणाच्या कारणाने आलेली वंचितता हे माझ्या मते पुरेसे निकष आहेत. सातपेक्षा अधिक निकष लावले की सूत्र कोणालाच समजत नाही आणि निर्णय पुन्हा चार माणसांच्या हातात जातो. भारांक रक्कम ठरण्यापूर्वी आणि लाभार्थी वस्त्यांची नावे उच्चारण्यापूर्वी मंजूर करून घ्यावेत, म्हणजे आकडे पाहून निकष वाकवण्याची वाट बंद होते.

दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. एकच खर्च दोन शीर्षांत दाखवू नये. मागासवर्गीय वस्तीतील अंगणवाडीची दुरुस्ती 15 टक्क्यांतही आणि 10 टक्क्यांतही दाखवली, तर दोन्ही शीर्षे पूर्ण दिसतात आणि मुलांच्या हातात एकाच वेळचा पैसा पडतो. मात्र एकाच गरजेसाठी दोन शीर्षांतील रकमा उघडपणे जोडणे योग्य आहे : चाकाच्या खुर्चीवरील मुलासाठी शाळेचा उतार 5 टक्क्यांच्या दिव्यांग निधीतून आणि त्याच्या वर्गातील साहित्य बालकांच्या पोटविभागातून. दुसरी खबरदारी बांधकामाबद्दलची. बांधकाम दिसते आणि त्याचे उद्घाटन होते, म्हणून रक्कम तिकडे ओढली जाते. पण तांड्याला खोलीपेक्षा हंगामात मुलांकडे लक्ष देणारी व्यक्ती अधिक लागते. स्थलांतरित पालकांची मुले मागे राहावीत यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय महाराष्ट्रात आहे. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत वेळेत गेला आहे की नाही, हे ग्रामपंचायतीने पाहिले तर स्वतःचा रुपयाही न घालता मोठे काम होते. सेवाभावी मानधन किंवा वाहतूक यांसारखा आवर्ती खर्च स्वनिधीतून करायचा असेल, तर तो नियमांत बसतो का हे पंचायत समितीकडून लेखी विचारून घ्यावे, म्हणजे लेखापरीक्षणात आक्षेप येत नाही.

ठराव, सभा आणि वेळापत्रक

ग्रामपंचायत विकास आराखड्याची लोकमोहीम दरवर्षी 2 ऑक्टोबरपासून सुरू होते. त्यामुळे घरोघरची यादी ऑगस्टमध्ये, नकाशे आणि खर्चाची मांडणी सप्टेंबरमध्ये पूर्ण व्हावी. आराखड्याच्या नऊ विषयांत बालस्नेही गाव हा स्वतंत्र विषय आहे. त्याखाली कामे नोंदवल्यास ती ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर वेगळी दिसतात आणि पुढे शोधायला सोपी जातात.

ऊसतोडीची कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. 26 जानेवारीच्या ग्रामसभेला ती गावात नसतात. तांड्याशी संबंधित प्रत्येक विषय म्हणून 2 ऑक्टोबरच्या सभेतच मांडावा, आणि त्याआधीची महिला सभा शक्यतो तांड्यावरच घ्यावी. जिथे बायका कामावरून संध्याकाळी परततात, तिथे सकाळी अकराला महिला सभा बोलावली तर ती फक्त नोंदवहीत होते.

ठराव ढोबळ लिहू नये. 'अंगणवाडीसाठी साहित्य घेण्यास मंजुरी' या वाक्यातून काहीही खरेदी होऊ शकते. त्याऐवजी असे लिहावे : 'महिला व बालकल्याण शीर्षातील बालकांच्या पोटविभागातून 18,290 रुपये तांड्यावरील 40 मुलांसाठी राखून ठेवण्यात येत आहेत, त्यातून वजनकाटा, उंचीमापक, बसण्याच्या पट्ट्या आणि पाणी साठवण्याचे भांडे घेण्यात यावे, खरेदी 30 जूनपर्यंत पूर्ण व्हावी, वस्तू अंगणवाडी सेविका आणि दोन पालक यांच्या सहीने स्वीकारण्यात याव्यात, खर्चाचा तपशील 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचून दाखवण्यात यावा.' सूचक आणि अनुमोदक यांची नावे तिथल्या तिथे नोंदवून घ्यावीत, आणि सभा संपण्यापूर्वी इतिवृत्ताच्या पानाचे छायाचित्र काढून ठेवावे.

मंजुरीनंतरचे काम

मंजूर रक्कम वर्षाच्या मध्यात दुसरीकडे वळवली जाण्याचा धोका असतो. पुनर्विनियोजनाचा कागद म्हणजे नमुना 2. दर तिमाहीला तो पाहावा आणि मुलांच्या शीर्षातून रक्कम बाहेर गेली असल्यास मासिक सभेत कारण विचारावे. विचारणा लेखी असावी आणि भाषा साधी असावी. आरोप केला की समोरचा माणूस बचावाला लागतो आणि प्रश्न बाजूला राहतो.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. तांड्यावरची किंवा वाडीवरची एक तरी आई त्या समितीत असेल, तर वस्तू आली की नाही, नळाला पाणी येते की नाही, हे महिन्याच्या बैठकीत आपोआप कळते. तिला बैठकीला येता यावे म्हणून वेळ बदलावी लागली तर बदलावी, तिची मजुरी बुडू नये.

15 ऑगस्टच्या सभेत वाचायचा कागद एक पानाचा असावा. त्यात वस्तीचे नाव, त्या वस्तीतील मुलांची संख्या, मंजूर रक्कम, झालेला खर्च, आणि शेवटच्या रकान्यात मागच्या ऑगस्टमध्ये शाळेत किंवा अंगणवाडीत न जाणाऱ्या मुलांपैकी आता किती जातात, हा आकडा. हा शेवटचा रकाना भरायला पुन्हा घरोघर जावे लागते, आणि ती फेरी म्हणजेच पुढच्या वर्षीच्या यादीची सुरुवात असते. फेरीसाठीचे कोरे कागद आणि जुन्या यादीची प्रत जुलैच्या शेवटच्या आठवड्यात अंगणवाडी सेविकेकडे पोहोचलेली असावी.